व्हरांड्यातलं पोतं

देवळी, १२ जुलै १९५३

बाबांना पत्र लिहायला बसले आणि अर्ध्यावर सोडलं. बाबांना वाचता येत नाही. हिंगणघाटला शेजारचा केशव ओट्यावर बसून माझं पत्र मोठ्यानं वाचतो, आणि डोमाजीची बी. ए. झालेली पोरगी काय म्हणते ते ऐकायला गल्लीतली माणसं जमतात. तेव्हा पत्रात मी नेहमी खुशाल असते. बाकीचं इथं लिहीन म्हणते.

शाळेत रुजू होऊन आठवडा झाला. मास्तरमंडळींत बाई मी एकटीच. शिक्षकांच्या खोलीत गेले की बोलणं थांबतं आणि सगळे उठून उभे राहतात. वाईट कोणी वागत नाही. पण रोज आपल्यासाठी कोणी उठून उभं राहत असेल तर तिथं बसवत नाही. मधल्या सुट्टीत मी नकाशांच्या खोलीत डबा खाते. समोर आफ्रिका टांगलेली असते.

इथली एक रीत पाहिली. मुली वर्गात आपल्या आपण जात नाहीत. त्या मुलींच्या खोलीत थांबतात, शिक्षक निघाले की त्यांच्या मागून खाली मान घालून ओळीनं वर्गात शिरतात, आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर. अख्ख्या शाळेत मुली अकरा. मॅट्रिकच्या वर्गात एकच, रुख्मिणी. सावळी, उंच. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाई, तुम्ही नागपूरले एकट्याच राह्यत होत्या?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती.

२ ऑगस्ट

खोली तानाबाईंच्या घरी मिळाली आहे. तानाबाई विधवा, मुलगा पुलगावच्या गिरणीत. स्वभाव तोंडाळ पण मायेचा. "बाई, शिकल्या म्हणून काय झालं, भाकर तं जाडीच थापता!" म्हणाल्या आणि माझ्या हातातून परात ओढून घेतली.

घरात सोवळंओवळं आहे. आले त्याच दिवशी त्यांनी मागची पडवी दाखवली, "त्या दिवसांत इथं." मी मान डोलावली. पण नागपूरच्या वसतिगृहात चार वर्षं कोणी मला विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. इथंही सांगणार नाही. गेल्या आठवड्यात माझे दिवस होते. शाळेत गेले, पाण्याच्या गुंडाला, पितळी हंड्याला शिवले, तुळशीला पाणीसुद्धा घातलं. आभाळ कोसळलं नाही. फडकी मागच्या दोरीवर लुगड्याखाली वाळत घालते.

२६ ऑगस्ट

रुख्मिणी पुन्हा चार दिवस आली नाही. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. आजारी आहे का म्हणून इतर मुलींना विचारलं तर सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी एक म्हणाली, "बाई, तिले कावळा शिवला."

मलाच कळायला हवं होतं. आमच्याकडेही घरात आई बाजूला बसली की लहान पोरांना हेच सांगतात. ती चार दिवस कोणाला शिवत नाही, घराबाहेर पडत नाही, मग शाळा कुठली? म्हणजे प्रत्येक मोठी मुलगी दर महिन्याला चार दिवस शाळेतून गळते. बंडोपंत गणित शिकवतात, ते मागचं पुन्हा शिकवत नाहीत. "मुलींना गणित झेपत नाही" असं ते परवाच म्हणाले होते. झेपत नाही कसलं! निम्मं मुलींनी ऐकलेलंच नसतं.

या शाळेत मी येऊन काही करायचं असेल तर ते हेच. मुलींचे हे चार दिवस बुडू द्यायचे नाहीत.

२० सप्टेंबर

रुख्मिणीला संध्याकाळी मुलींच्या खोलीत बसवून बुडालेलं गणित करून घेते. खरं तर गणित मलाही फार येत नाही. आम्ही दोघी मिळून चुकतो. आज एका उदाहरणाचं उत्तर उणे साडेतीन माणसं असं आलं आणि ती इतकी हसली की श्रावण चपराशी घंटा हातात घेऊन बघायला आला. "काय झालं वो बाई?" "काही नाही श्रावण, माणसं कमी पडली."

देवळीत आल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

१२ डिसेंबर

चाचणी परीक्षेच्या तारखा लागल्या. ४ जानेवारीपासून. चाचणीला न बसणाऱ्याचा मॅट्रिकचा फॉर्म शाळा पाठवत नाही, असा हेडमास्तर किसनरावांचा नियम आहे आणि ते नियमाचे पक्के. गावातून आजवर एकही मुलगी मॅट्रिक झालेली नाही. रुख्मिणी होईल.

सगळ्या गेल्यावर ती मागं राहिली. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "बाई, माहे दिवस त्याच हप्त्यात येतात."

मी तारखांचा कागद पुन्हा पाहिला. तीच पुढं हळूच म्हणाली, "मी घरी सांगतच नाई. चूप राह्यतो. फडक्याचं मी पाहून घेईन."

मी तिला जवळ बसवलं आणि समजावलं. इतकं मोठं काम खोट्यावर उभं करायचं नाही. आज तू आईला फसवून परीक्षा दिलीस तर उद्या दुसऱ्या मुलीच्या आईला कोण पटवणार? आपलं म्हणणं खरं आहे, तर ते उघड सांगायला लाजायचं कशाला? मी येते तुझ्या घरी, मी बोलते. ती वहीचा कोपरा दुमडत होती. "तुम्ही म्हणान तसं," म्हणाली.

नागपूरला वक्तृत्वात बक्षीस मिळालं होतं तेव्हासुद्धा मी इतकं चांगलं बोलले नव्हते.

२१ डिसेंबर

रुख्मिणीच्या घरी गेले. वडील बंडूजी बैल बांधत होते. मी विषय काढताच "हे बायांचं हाय" म्हणून गोठ्यात गेले ते बाहेर आलेच नाहीत. आई शोभाबाई सुपात तूर पाखडत होती. रुख्मिणी दाराआड.

"बाई, घरात देव हायत," शोभाबाई म्हणाली. "सासू असती तं तुम्हाले ओट्यावर चढू नसतं देलं ह्या बोलण्यासाठी. चार पोरांत बसून शिवाशिव करन, अन् घरी येऊन चुलीले शिवन? माह्या हातून नाई होत."

"आणि कोणालाच शिवली नाही तर?"

सूप थांबलं. "म्हंजे?"

बोलता बोलता मलाच सुचत गेलं. ती आपलं पोतं घरून आणेल. वेगळी बसेल. कागद वरून टाकायचे, हाताला हात लागू द्यायचा नाही. घरी आली की अंगावरून पाणी घेईल.

शोभाबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. "तशी बसून लिहत असन तं माही ना नाई. तिलेही शिकू द्या वो. मले कुठं कोणी शिकवलं."

मी जिंकले! दाराआड बघितलं तर रुख्मिणी आत निघून गेली होती. लाजली असेल.

२३ डिसेंबर

किसनरावांना सांगणं सगळ्यांत अवघड होतं. "एका विद्यार्थिनीला चार दिवस वेगळं बसवावं लागेल, घरगुती कारण आहे," एवढंच बोलले. ते तीन मुलींचे बाप, समजले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "व्हरांड्यात बसवा. पण खिडकीसमोर, वर्गातून दिसेल अशी. नाहीतर नक्कल केली म्हणतील."

इतके समंजस असतील असं वाटलं नव्हतं.

४ जानेवारी १९५४

लिहिणार तरी किती! रुख्मिणी परीक्षेला बसली.

व्हरांड्याच्या मध्यावर पोतं अंथरलं. बंडोपंतांनी प्रश्नपत्रिका हातभर वरून सोडली ती वाऱ्यानं अंगणात उडाली. रुख्मिणी धावत जाऊन घेऊन आली. तेव्हा वर्गातून काही मुलं कावळ्यासारखी ओरडली, काव काव. मी दोघांना बाकावर उभं केलं. पोरंच ती, उद्या विसरतील. रुख्मिणीनं तीन तासांत एकदाही मान वर केली नाही. इतकी एकाग्रता मी क्वचितच पाहिली आहे.

बाबांना पत्र लिहिलं की शाळेत एक चांगलं काम झालं. काय ते लिहिलं नाही. केशव वाचणार.

७ जानेवारी

चारही दिवस बसली. आजही ओरडले. कोण ओरडतं ते कळत नाही, एक थांबला की दुसरा कोपरा सुरू होतो. संध्याकाळी तिला म्हटलं, उद्यापासून वर्गात, सगळ्यांबरोबर! तिनं पोतं गुंडाळलं आणि गेली. दमली असणार.

१५ जानेवारी

चाचणीचे निकाल. रुख्मिणी मराठीत पहिली, गणितात तिसरी. बंडोपंतांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण परीक्षा संपल्यापासून ती शाळेत आलेली नाही. काल संक्रांत होती, म्हणून वाट पाहिली. आजही नाही. थंडी बाधली असेल.

१९ जानेवारी

नववीची एक मुलगी दोन दिवस तापानं घरी होती. आज आली तर तिला दारातच काव काव ऐकावं लागलं. तिला खरोखर ताप होता. ती मुलींच्या खोलीत येऊन रडली आणि माझ्याशी बोलेना. पूर्वी एखादी चार दिवस आली नाही तर मुलांचं लक्षही नसायचं. आता मुलं गैरहजर मुली मोजतात.

किसनरावांनी बोलावून सांगितलं, "तुमची ती सोय उत्तम झाली बाई. पुढच्या वर्षापासून एक चटई कायमची ठेवू व्हरांड्यात. कोणाचं वर्ष बुडायला नको."

मी नको म्हटलं. ते गोंधळले. "तुम्हीच तर मागितली होती." खरं आहे, मीच. मला नीट कारणही देता आलं नाही. नुसतं "चटई ठेवू नका" असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "बरं, बरं," म्हणाले, "तुम्ही बसा, पाणी घ्या."

२१ जानेवारी

रुख्मिणीच्या घरी जाऊन आले. शोभाबाई ओट्यावरच बोलली. "पोरगी शाळेत नाई जात म्हणते. मी कुठं अडवली? पेपर देऊ देले ना मी?" तिलाही काही उमजत नव्हतं. रुख्मिणी आत होती. मी हाक मारली, ओ दिली नाही.

फॉर्म २८ तारखेला नागपूरला जायचे.

घरी आले आणि तानाबाईंना सांगितलं, कारण सांगायला दुसरं कोण आहे? म्हटलं, तानाबाई, मी सगळं तिच्या भल्यासाठी केलं, सगळं उघड, खरेपणानं केलं, तरी ती माझ्यावर का रुसली?

तानाबाई लसूण सोलत होत्या. "पोरगी घरात बाजूला बसते, तं घराले मालूम राह्यते. तुम्ही गावाले सांगतलं."

"पण त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"काईच नाई?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग तुम्ही मले काऊन नाई सांगत?"

त्यांनी लसणाची दुसरी पाकळी घेतली.

"सहा महिने झाले. लुगड्याखाली काय वाळते ते मले दिसत नाई काय? मी म्हटलं, परक्या गावात लेकरू एकटं राह्यते, कुठं पडवीत बसवता. देवाले हात जोडले अन् चूप राह्यली. तुम्हाले झाकाले लुगडं हाय. तिचं तं तुम्ही व्हरांड्यात मांडलं."

एवढं बोलून त्यांनी लसूण वाटायला घेतला आणि मला म्हणाल्या, "जेवून घ्या."

२२ जानेवारी

शाळेत गेले नाही. डोकं दुखतं असं कळवलं. आज खरोखर दुखत होतं.

२४ जानेवारी

आज सुट्टी. रुख्मिणीच्या वडिलांच्या शेतात शेवटची वेचणी चालू आहे असं कळलं, तिकडे चालत गेले. रुख्मिणी दुसऱ्या बायांपासून लांबच्या तासात, शेवटच्या ओळीत, एकटीच कापूस वेचत होती. मला पाहून थांबली नाही. मी तिच्या शेजारच्या ओळीला लागले. कापूस आयुष्यात वेचलेला नाही. बोंडाची टोकं बोटांना लागत होती.

तासाच्या टोकाला पोचल्यावर ती म्हणाली, "पत्ती येऊन राह्यली तुमच्या कापसात. साफ वेचा." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मी म्हटलं होतं ना तुम्हाले, मी घरी सांगत नाई म्हणून. तुम्ही काऊन ऐकलं नाई?"

तेव्हा मी तिला सांगितलं. मी तानाबाईंना कधीच सांगितलं नाही. नागपूरला नाही, इथंही नाही. शाळेत प्रत्येक महिन्याला येते, तिच्यापुढं उभी राहून शिकवते.

कमरेच्या ओटीतला कापूस तसाच धरून ती उभी राहिली.

"म्हंजे तुम्हाले येत होतं," ती म्हणाली. "कसं करायचं ते तुम्हाले येत होतं. अन् मले नाई सांगतलं."

मी चुकले असं म्हणणार होते. पण ती पुढच्या तासाला लागली होती. मी मागं मागं वेचत राहिले. बायांनी दुपारच्या भाकरी सोडल्या, मला हाक मारली. रुख्मिणीनं मारली नाही.

निघताना तीच बोलली. "फारम भरतो मी. बुडवत नाई. पण एक हाय. माह्याबद्दल कोणाशीच बोलू नका. हेडमास्तराशी नाई, माह्या मायशी नाई. चांगलंही नका बोलू."

मी कबूल केलं.

२७ जानेवारी

रुख्मिणी आली, फॉर्मवर सही केली. वर्गात जाताना ती मुलींच्या खोलीत थांबली नाही, कोणाच्या मागून गेली नाही. बंडोपंत यायच्या आधीच जाऊन आपल्या बाकावर बसली. मागच्या बाकावरून एकजण ओरडला. ती वळली आणि त्याच्याकडे बघत राहिली, तो खाली बघेपर्यंत. हे मला श्रावणनं सांगितलं. मी नकाशांच्या खोलीत होते.

संध्याकाळी गणिताला थांबली नाही. खोलीत दिवा लावून मी थोडा वेळ बसले होते.

१७ फेब्रुवारी

बंडोपंत आता मधल्या सुट्टीत रुख्मिणीला गणित सांगतात. तिनं स्वतः जाऊन विचारलं म्हणे. ते मला कौतुकानं म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो तुमची." मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं असेल, बाई फारच कोरड्या आहेत.

या महिन्यात मी तानाबाईंना सांगितलं आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. त्या दोनदा येऊन म्हणाल्या, "या ना आत, काय नाटक लावलं." तरी बसले. कशासाठी, ते मला लिहिता येत नाही. रुख्मिणीला याचा काय उपयोग? दुसऱ्या दिवशी उठून शाळेत गेले.

वर्धा, ३ मार्च १९५४

मॅट्रिकचा पहिला पेपर आज. किसनरावांनी मला सोबत पाठवलं. मुलीबरोबर शाळेची बाई असावी म्हणून. रुख्मिणीला ते आवडलं नसणार, पण काही म्हणाली नाही. काल मोटारीत ती आणि शोभाबाई पुढं बसल्या, मी मागं. इथं स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो आहोत. रुख्मिणी माझ्याशी "पाणी कुठं हाय" एवढंच बोलली.

तारखांचा हिशेब करायचा नाही असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि केला नाही.

सकाळी रुख्मिणी कोपऱ्यात वेणी घालत होती. शोभाबाई आंघोळ करून, हळदकुंकवाची डबी हातात घेऊन माझ्यापाशी आली. "पेपराआधी तिले मारुतीच्या देवळात न्यायचं हाय, बाई. तिले इचारलं, तं नाई म्हणते, काई नाई म्हणते. पण आताशा ती मले सगळ्यालेच नाई म्हणते. तुम्ही खोटं बोलत नाई, हे मी सगळ्याईले सांगतो. तुम्ही सांगा. पोरगी दूर बसाची तं नाई ना?"

कोपऱ्यातला हात थांबला. वेणी अर्धी. रुख्मिणी माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "रात्रीच बोललो आम्ही. तसं काही नाही."

रात्री आम्ही काहीही बोललो नव्हतो.

शोभाबाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला वाटलं, कळलं तिला. मग तिनं सुस्कारा टाकला. "बरं," म्हणाली. "तुम्ही सांगतलं ना. आता माह्यावर नाई." आणि तिनं डबी उघडली आणि रुख्मिणीच्या कपाळाला कुंकू लावलं, आपल्या हातानं, बोट टेकवून.

देवळात मी बाहेरच थांबले.

खरं काय होतं ते मला ठाऊक नाही. तिच्याबद्दल मी खोटं बोलले की नाही, हेही नाही. विचारणार नाही.

परीक्षेच्या जागी फाटकापाशी खूप मुली जमल्या होत्या. वर्ध्याच्या, पुलगावच्या, आर्वीच्या, सगळ्या दोन वेण्या घालून, दौत-टाक घेऊन. रुख्मिणीनं आईला नमस्कार केला. माझ्यापुढून जाताना ती थांबेल असं वाटलं, मी पुढं सरले, पण घंटा झाली आणि मागच्या मुलींचा लोंढा आला. एकीनं तिचा हात धरून विचारलं, "तुहा नंबर किती?" आणि दोघी तशाच हात धरून आत गेल्या.

शोभाबाई टाचा उंचावून बघत होती. "दिसते काय वो बाई?"

मीही बघत होते. त्या सगळ्या पाठींमधली तिची कुठली, मला ओळखू आली नाही.